मावेजा आला, स्लॅब पडला, मग आनंद का टिकला नाही? ख्रिस्ती आनंदाची गोष्ट, सोप्या भाषेत

जालन्यात जुनी माणसं अजूनही म्हणतात, 'जालना, सोने का पालना'. मोंढ्यात मालाच्या गाड्या लागलेल्या, औद्योगिक वसाहतीत सळईच्या भट्ट्या पेटलेल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बियाणं कंपन्यांच्या पाट्या. पैसा या शहराला नवा नाही. पण मागच्या काही वर्षांत तो आसपासच्या खेड्यांतही पोचला. समृद्धी महामार्गात जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतली रानं गेली, आणि ज्या घरांनी एकरकमी लाख रुपये कधी पाहिले नव्हते, त्यांच्या पासबुकावर मावेजाचे मोठमोठे आकडे उमटले.

पुढं काय झालं ते आपण जवळून पाहिलं. दारात चारचाकी आली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, पोरीचं लग्न थाटात झालं. वर्षभर घरात सण होता. मग बहिणींच्या हिश्श्यावरून येणंजाणं थांबलं, भावाभावांच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या, आणि गाडीच्या विम्याचे पैसे भरायचे तर हात आखडू लागला. सगळ्यांचं असं झालं नाही. काहींनी शहाणपणानं दुसरीकडं रान घेतलं, मुलं शिकवली, त्यांचं नीट चाललं आहे. पण खात्यात रक्कम जमा झाल्याचा मेसेज आला त्या दिवशीचा आनंद त्यांच्याकडं तरी आज उरला आहे का?

ख्रिस्ती विश्वास ज्याला आनंद म्हणतो तो काय असतो, तो मिळकतीवर का टेकलेला नाही, आणि नापिकी, कर्ज, आजारपण यांतही तो टिकतो असं म्हणतात त्याचा अर्थ काय, हे इथं उलगडून सांगायचं आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि हे सगळं मी खरं मानतो. त्यामुळं तटस्थ असल्याचा आव आणणार नाही.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. पैशात सुख नाही, हे सांगायला मराठवाड्याला ख्रिस्ती माणसाची गरज नाही. एकनाथांचं पैठण आणि जनाबाईंचं गंगाखेड इथलंच आहे. लोभाबद्दलचं शहाणपण या मातीत खोल मुरलेलं आहे. ख्रिस्ती विश्वासाचं वेगळेपण पुढच्या प्रश्नात आहे : पैशात नाही, तर मग आनंद कुठं आहे, आणि तो माणसापर्यंत पोचतो कसा?

मिळकतीचा आनंद का विरतो?

पहिलं कारण अगदी साधं आहे. मनाला सवय होते. १९७८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची तुलना त्यांच्याच भागातल्या साध्या लोकांशी केली. जिंकलेले लोक इतरांपेक्षा विशेष सुखी निघाले नाहीत. उलट गप्पा मारणं, न्याहारी करणं अशा रोजच्या बारीकसारीक गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. पाहणी लहान होती, तिच्यावर फार मोठा इमला उभारू नये. गरिबीत पैशानं दुःख कमी होतं, हेही तितकंच खरं आहे. दवाखान्याचं बिल भरता आलं तर जीव हलका होतोच. पण गरज भागल्यावर प्रत्येक नवी वस्तू थोड्या दिवसांत घरातलं सामान होऊन जाते, हा अनुभव कुणाला नाही?

दुसरं कारण शेजारी. आपला एक मजला झाला की समोर दोन मजले दिसतात. तिसरं कारण भीती. जे मिळालं ते जाऊ शकतं, आणि जितकं जास्त मिळालं तितकी राखण जास्त.

बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात हे सगळं आधीच लिहून ठेवलं आहे. बोलणारा माणूस राजा आहे. त्यानं वाडे बांधले, द्राक्षमळे लावले, बागांना पाणी द्यायला तलाव खणले, सोनंरुपं साठवलं, गाणारे आणि गाणाऱ्या ठेवल्या, डोळ्यांना जे आवडलं ते त्यांना नाकारलं नाही. शेवटी सगळ्याकडं वळून पाहिलं आणि म्हणाला, हे सारं व्यर्थ, वाऱ्याच्या मागं धावणं. हे शब्द हाताला काही न लागलेल्या माणसाचे असते तर आपण म्हटलं असतं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पण याच्या हाताला सगळं लागलं होतं.

यिर्मया संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा, याचं मूळ सांगतो. देव म्हणतो, माझ्या लोकांनी दोन वाईट गोष्टी केल्या : मी जिवंत पाण्याचा झरा, मला सोडलं; आणि स्वतःसाठी हौद खोदले, तेही फुटके, ज्यांत पाणी ठरत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावायला नको. हौद खोदणं हा गुन्हा नव्हे. जमीन, घर, नोकरी, लेकराबाळांचं यश या चांगल्याच गोष्टी आहेत. 'माझं असणं सार्थ कर, मला कायमचं भरून टाक,' अशी मागणी आपण त्यांच्याकडं करतो, तिथं चूक होते. ती मागणी पेलायची त्यांची ताकदच नाही. हौद फुटतो, आणि आपण दुसरा खोदायला घेतो.

आनंद आधी कुणाला झाला?

आता ख्रिस्ती शिकवणीच्या गाभ्याकडं येऊ. इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. चर्चमध्ये नेमानं जाणाऱ्यांचाही होतो.

साधारण समजूत अशी : देवाचं केलं, नियम पाळले, दान दिलं, की देव खूश होतो आणि बक्षीस म्हणून आपल्याला आनंद देतो. म्हणजे इथंही मिळकतच, फक्त रुपयांऐवजी पुण्याची. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, येशू याच्या उलट सांगतो. त्यांतल्याच लूकच्या पंधराव्या अध्यायात त्यानं लागोपाठ तीन दाखले दिले. शंभरातलं हरवलेलं मेंढरू, दहातलं हरवलेलं नाणं, आणि घर सोडून गेलेला मुलगा. या तिन्हींत आधी आनंद होतो तो शोधणाऱ्याला. मेंढपाळ मेंढरू खांद्यावर घेतो तेव्हा तो आनंदित असतो. नाणं सापडल्यावर बाई शेजारणींना हाका मारते. आणि बापाच्या हयातीत वाटणी मागून, ती उधळून, डुकरं राखून परत आलेला मुलगा अजून लांब असतानाच म्हातारा बाप धावत सुटतो. आपल्याकडं जमीनजुमला असलेला वडीलधारा माणूस वाटणी उडवून आलेल्या पोराच्या दिशेनं भर वाटेवर पळत जाईल का? येशूच्या काळातही कुणी गेलं नसतं. ऐकणारे त्या ठिकाणी दचकले असणार.

म्हणजे आनंद मुळात देवाचा आहे. माणसाला त्यात ओढून घेतलं जातं. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो की माझा आनंद तुमच्यामध्ये असावा आणि तुमचा आनंद परिपूर्ण व्हावा. त्याचा स्वतःचा आनंद तो त्यांना देऊ करतो. आणि हे तो कधी बोलतो? अटक व्हायच्या रात्री. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ, म्हणजे क्रूसावरचं मरण, आहे हे माहीत असताना.

वधस्तंभाचा इथं काय संबंध? ख्रिस्ती विश्वास असं मानतो की देवाकडं पाठ फिरवल्याचा जो भार माणसावर होता तो येशूनं स्वतःवर घेतला, मरण सोसलं, आणि तिसऱ्या दिवशी उठला. त्यामुळं क्षमा आता आपल्याला कमवायची उरलेली नाही, ती मिळालेली आहे. यालाच कृपा म्हणतात. जो आनंद मी कमावला तो मी गमावूही शकतो. जो मला फुकट, माझी लायकी नसताना मिळाला, तो माझ्या नापिकीनं, माझ्या बदनामीनं, माझ्या म्हातारपणानं काढून घेतला जात नाही, कारण तो माझ्या कर्तृत्वावर उभाच नव्हता. शिष्य एकदा मोठी कामं करून हरखून परतले तेव्हा येशूनं त्यांना सांगितलं, याचा आनंद मानू नका. तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. यशाचा आनंदसुद्धा त्यानं दुसऱ्या नंबरवर ठेवला.

बेड्यांमधून आलेलं पत्र

पौल हा येशूचा संदेश गावोगावी नेणारा सुरुवातीच्या काळातला प्रेषित. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, त्यानं लिहिलेलं 'फिलिप्पैकरांस पत्र' बायबलमध्ये आहे, चार अध्यायांचं. या छोट्या पत्रात 'आनंद' पुन्हा पुन्हा येतो, आणि लिहिणारा कैदेत आहे. परंपरा सांगते की हे पत्र रोममधून, इसवी सन ६० नंतरच्या एकदोन वर्षांत लिहिलं गेलं. रोमी कैदेत माणसाला खायला घालायची जबाबदारी बहुतेक वेळा बाहेरच्या नातेवाइकांवर, मित्रांवर असे. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती मदत पाठवली. तो बिचारा वाटेत की पोचल्यावर मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. खटल्याचा निकाल जगणं की मरणं, हेही ठरलेलं नव्हतं. अशा जागेवरून पौल लिहितो, 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा.'

तिसऱ्या अध्यायात तो स्वतःच्या जमेच्या बाजू एकेक करून मांडतो. बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला. कुळ, शिक्षण, प्रतिष्ठा, सगळं होतं. ख्रिस्ताची ओळख झाल्यावर ही सारी जमा त्यानं खर्चाच्या बाजूला टाकली. त्याला तो 'केरकचरा' म्हणतो. चौथ्या अध्यायात तो म्हणतो की दैन्यात कसं राहावं आणि विपुलतेत कसं राहावं, दोन्ही मी शिकलो आहे. मला इथं फार धीर येतो. पौलाला हे एका रात्रीत लाभलं नाही. त्यालाही शिकावं लागलं. आणि विपुलतेत राहणंही शिकावं लागतं हे तो विसरत नाही. मावेजाच्या काळात आपल्याकडं हाच धडा शिकवायला कुणी नव्हतं.

पौल वाचताना मला जालन्याजवळचं बेथेल आठवतं. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे पाण्याच्या विधीनं ते ख्रिस्ती झाले, आणि त्या काळात त्याची किंमत म्हणजे जात, घर, नाती. पुढं ते जालन्यात आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांबरोबर ते एका प्रार्थनेला बसले. मराठवाड्यातल्या अनेक मंडळ्यांची मुळं अशा कामात आहेत. ज्यांना गावानं पाणवठ्यापाशी उभं राहू दिलं नाही, त्यांना 'तू देवाचं लेकरू आहेस' हे कळलं, तेव्हा त्यांच्या हाती पैसा आला नव्हता. त्यांच्या घरी त्या रविवारी जे गायलं गेलं असेल, ते कशावर उभं होतं?

अंजीर फुलला नाही तरी

हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक तीनच अध्यायांचं. त्याचा शेवट शेतकऱ्यानं लिहावा तसा आहे. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. एकेक नुकसान तो नाव घेऊन सांगतो, पंचनाम्यासारखं. आणि मग, 'तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.'

हा 'तरी' आमच्या भागातल्या एका लहान चर्चमध्ये मी पाहिला. हंगामाच्या सणाला लोक रानातलं पहिलं पीक वेदीपुढं आणून ठेवतात. ज्वारीची कणसं, तुरीचा पाला, गाठोड्यात बांधलेलं धान्य, एखादी कोंबडी, दुधाचा तांब्या. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्या साली काढणीच्या ऐन वेळी पाऊस लागला होता आणि सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर मोड आले होते. एका मावशींनी स्टीलच्या डब्यात काळं पडलेलं सोयाबीन आणलं. बाजारात त्याला कुणी हात लावला नसता. पाळकसाहेबांनी डबा इतर धान्याच्या रांगेत, अगदी मधोमध ठेवला. प्रार्थना करताना मावशी रडल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि पेटी-ढोलकी सुरू झाली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं गायल्या. लिलावात त्या डब्यावर बोली चढत गेली. बोली लावणाऱ्यांचंही पीक गेलेलं होतं.

रडणं आणि गाणं एकाच तासात झालं, आणि दोन्ही खरं होतं. ख्रिस्ती आनंदाबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज इथंच आहे. हा आनंद म्हणजे कायम हसरा चेहरा नव्हे. लाजार नावाच्या मित्राच्या कबरीपाशी येशू रडला. पौल स्वतःबद्दल 'दुःखी, तरी सर्वदा आनंद करणारे' असं लिहितो. दुःख पिकाचं, माणसाचं, शरीराचं असतं. आनंदाचं कारण दुसरीकडं, देवाशी जुळलेल्या नात्यात असतं. म्हणून दोघं एका घरात राहू शकतात.

काय नव्हे, तेही सांगायला हवं

काही सभांमधून सांगितलं जातं : एवढं दान 'पेरा', देव दसपट देईल, गाडी देईल, कर्ज फेडेल. ही शिकवण ऐकली की मला चीड येते, कारण ती ख्रिस्ताच्या नावानं तोच फुटका हौद विकते, आणि विकत घेणारे बहुतेक वेळा कर्जात बुडालेले लोक असतात. येशूनं कोठारं मोडून मोठी बांधायला निघालेल्या धनवानाचा दाखला सांगितला. देव त्याला म्हणतो, अरे मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल. जो असा दाखला सांगतो तो गाडीचं आमिष दाखवणार नाही.

दुसरं, खचलेल्या माणसाला 'तुझा विश्वास कमी आहे' असं कधीही म्हणू नका. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा प्रदेश पोळलेला आहे. एलीया संदेष्टा एकदा रानात झुडपाखाली बसून 'आता माझा जीव घे' असं म्हणाला होता. देवानं त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं. मग दूतानं हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा उशाशी होता, आणि 'ऊठ, खा' एवढंच सांगितलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. उदासी महिनोन्महिने हटत नसेल तर डॉक्टरांकडं जावं, औषध घ्यावं, बरोबर कुणाला तरी न्यावं. त्यानं विश्वास कमी ठरत नाही.

तिसरं. समाधानी राहा, असं गरिबाला सांगून त्याची मजुरी बुडवणाऱ्यांना बायबलमध्ये जागा नाही. याकोबाचं पत्र जमीनदारांना सुनावतं की तुमची शेतं कापणाऱ्या कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आकांत देवाच्या कानी गेला आहे. बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्याची उचल आणि हिशेब ज्यांच्या वहीत असतो त्यांनी ही ओळ वाचावी. पौलानं समाधान कैदेत शिकलं, पण तोच पौल फिलिप्पैत बेकायदा फटके मारल्यावर 'आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं' असं ठणकावून म्हणाला होता. आणि त्याच तुरुंगात आदल्या रात्री, पाय खोड्यात असताना, तो आणि त्याचा सोबती सीला गात होते.

रोजच्या जगण्यात

गलतीकरांच्या पत्रात आनंदाला आत्म्याचं फळ म्हटलं आहे, प्रीतीच्या लगेच नंतर. फळ ओढून काढता येत नाही. त्याची मशागत मात्र करता येते. चिंता वाटली की ती प्रार्थनेत नाव घेऊन सांगणं, आणि त्याच दमात एखाद्या गोष्टीबद्दल आभार मानणं, हे पौलानं फिलिप्पैकरांना सांगितलं. शास्त्रभाग रोज थोडा वाचणं. आणि मंडळीत जाणं, मन लागत नसेल त्या रविवारीसुद्धा. कारण आपल्याला गाता येत नाही तेव्हा शेजारची मावशी आपल्या वाटचं गाते.

देणं हे या सगळ्यांत मला सर्वांत परिणामकारक वाटतं. मासेदोनियातल्या मंडळ्यांबद्दल, म्हणजे फिलिप्पैकर ज्यांत येतात त्यांच्याबद्दल, पौलानं लिहिलं आहे की त्यांचा विपुल आनंद आणि त्यांचं कमालीचं दारिद्र्य यांतून उदारपणा ओसंडला. हिशेबाच्या वहीत हे बसत नाही. पण यरीहोचा जकातदारांचा मुख्य जक्कय असाच निघाला. आयुष्यभर लोकांकडून जास्तीचं उकळलेला हा माणूस झाडावर चढून येशूला पाहत होता. येशूनं नावानं हाक मारली, 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.' आधी हाक आली. तो आनंदानं खाली उतरला, आणि नंतर कुणी न मागता म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. त्या दिवशी त्याची शिल्लक निम्म्याहून खाली आली.

हे मुळातून वाचायचं असेल तर फिलिप्पैकरांस पत्रापासून सुरुवात करा. सलग वाचलं तर अर्धा तासही लागत नाही. मोठ्यानं वाचा, घरात कुणाला तरी ऐकवा. मग लूकचे पंधरावा आणि एकोणिसावा हे दोन अध्याय, आणि शेवटी हबक्कूक, पहिल्या अध्यायापासून. कारण तो सुरुवातीला देवाशी चक्क भांडतो.